अडीच, चार, सहा

जिन्सी नाल्याजवळ लखमीचंदच्या दुकानात
केबलची भेंडोळी खुंट्यांना टांगलेली,
आणि जानेवारीचं धुकं
अर्ध्या शटरखालून आत येऊन बसलेलं,
काही विकत न घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखं.

"ढाई में हो जाएगा, दीदी," रामबरन म्हणतो.
कालच त्याने गच्चीवर हीट पंप बसवलाय,
पांढरा, कपाटाएवढा, जाळीमागे पंखा.
बाहेरच्या गारठ्यातूनच ऊब ओढून घेतो म्हणे.
ग्वाल्हेरच्या गारठ्यात ऊब असते
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

कुमुदताई काही बोलत नाही.
तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
तिने मुलींना तारा जोडायला शिकवलं,
"आधी हात कोरडे करा!"
आता तिचीच बोटं सांध्यांपाशी सुजून
आल्याच्या तुकड्यांसारखी झालीत.
पेन्सिल मुठीत धरते
आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडते:
मीटरपासून गच्ची, अठ्ठावीस मीटर.
जाणारी तार अठ्ठावीस, येणारी अठ्ठावीस.
"येणं कुणी मोजतच नाही," ती म्हणते.
सोळा अँपिअर. गुणिले. हातचा एक.

"अडीचची घेतलीस तर सहा-सात व्होल्ट वाटेतच गेले.
म्हणजे शंभर वॉटचा एक दिवा
भिंतीच्या पोटात लावून ठेवायचा,
उजेड कुणालाच नाही,
बिल आपल्याला."

लखमीचंद कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो.
ताई त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

मी भाव विचारते.
सहाची, तांब्याची, तीन कोअर,
वर पोलादी तारांचं चिलखत, माकडांसाठी;
गेल्या वर्षी त्यांनी डिशची तार
उसासारखी सोलून पाहिली होती.
भाव ऐकून मी चारवर येते.
चारवर यायची सवय आहे मला.
मग हळूच अ‍ॅल्युमिनिअमचं नाव काढते.
ताई चष्मा उतरवून माझ्याकडे बघते,
मी खुंट्या मोजू लागते.

बाबांनी घराचं वायरिंग केलं तेव्हा
चार दिवे, एक पंखा आणि रेडिओ
एवढाच संसार धरला होता.
लाकडी पट्टीतून जाणारी ती बारीक तार
आम्ही दोघींनी किती जपून वापरली!
इस्त्री लावली की पंखा बंद,
पाहुणे आले की हीटर बंद,
आणि कशालाही उत्तर एकच: फ्यूज उडेल.
ताईला भोपाळची नोकरी आली तेव्हाही
बाबा तेच म्हणाले होते,
निदान मला तसं ऐकू आलं.
तार पेलेल तेवढंच मागायचं.
मग तेवढंच हवंसं वाटायचं.

"सहाची द्या," मी म्हणते.
आवाज जरा मोठाच निघतो.
रामबरन खांदे उडवतो,
लखमीचंद फूटपट्टी शोधू लागतो,
आणि ताई पत्रिका घडी घालून पर्समध्ये ठेवते,
निकालपत्र ठेवावं तशी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला,
गल्लीतले सगळे रॉड एकदम लागून
ट्यूब ठेचकाळते त्या वेळेला,
गच्चीवर पंखा फिरू लागला.
मी जिन्यात उभी राहून
केबलवर तळहात ठेवला.

थंड होती.
अगदी कोपऱ्यापर्यंत चाचपडत गेले,
जिथे ती भिंतीतून वर चढते तिथेही थंड.
एवढं सगळं आतून जात होतं
आणि तिने स्वतःसाठी जवळजवळ काहीच ठेवलं नव्हतं.

खाली न्हाणीघरात ताईने
दोन्ही हात बादलीत बुडवले होते.
बराच वेळ आवाज आला नाही.
मग आला:
"अगं, थोडं गार घाल यात.
आणि तो दीड मीटर उरलेला तुकडा
त्याला नेऊ देऊ नकोस.
पैसे दिलेत आपण."